हजार माणसांच्या वस्तीचं सांडपाणी: टाकी निवडण्याआधी गाळाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण 200 घरं, हजारेक माणसं. आज प्रत्येक घराची आपापली सेप्टिक टँक आहे आणि तिचं वरचं पाणी उघड्या गटारातून ओढ्याला जातं. एका पुरवठादाराने वीस वर्षांनंतरची लोकसंख्या धरून दिवसाला 200 घनमीटरचा हवा फुंकणारा तयार प्लांट सुचवला आहे. तो घ्यावा, की तळी किंवा वनस्पतींचे वाफे असं काही साधं करावं? आणि जे काही बांधू ते चालवायचं कोणी?

मी उलट्या क्रमाने उत्तर देतो, कारण तुमचा शेवटचा प्रश्नच खरा पहिला आहे.

सांडपाणी 'शुद्ध' करतो म्हणजे आपण घाण नाहीशी करत नाही. तिचा काही भाग जिवाणू खाऊन वायू होऊन उडतो, उरलेला गाळ होऊन तळाला बसतो. माणशी दिवसाला 45 ग्रॅम बीओडी (पाण्यातली कुजणारी घाण खायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे घाणीचं माप) धरली तर हजार माणसांची रोज 45 किलो होते. एवढं खाद्य हवेच्या टाकीतल्या जिवाणूंना घातलं की दिवसाला अंदाजे 20 किलो गाळ तयार होतो. हे वजन कोरड्या गाळाचं. प्रत्यक्षात तो टाकीतून निघतो तेव्हा शंभरात एक भाग घट्ट आणि बाकी पाणीच असतं, म्हणजे दोन हजार लिटर पातळ, काळपट-तपकिरी द्रव. रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पुरवठादाराच्या नकाशात याच्यासाठी कोपऱ्यात एक चौकोन असतो आणि त्यात 'स्लज' एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या नकाशात तो चौकोन केवढा आहे, तिथून गाळ कुठे जाणार, कोण नेणार, वाळवायला जागा आहे का, हे आधी विचारा. याचं उत्तर नसेल तर बाकी नकाशा कितीही देखणा असो, मी सही करणार नाही.

गाळ काढला नाही तर काय होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की आता फाटकातून आत जातानाच कळतं. पहिले तीन-चार महिने प्लांट झकास चालतो, पाणी काचेसारखं. गाळ साठत जातो, टाकीतलं पाणी दाट होतं, तरी बाहेरचं पाणी स्वच्छच दिसतं, म्हणून कुणी काही करत नाही. मग एके दिवशी सकाळी सात-आठच्या सुमारास, सगळी घरं एकदम पाणी सोडतात तेव्हा, सेटलिंग टाकीतला (जिथे गाळ खाली बसवतात) गाळाचा थर उचलला जातो आणि वरच्या काठावरून बाहेर पडतो. दहापर्यंत सगळं पुन्हा नितळ. नमुना घ्यायला माणूस बाराला येतो, अहवाल उत्तम येतो. ओढ्याच्या काठाला मात्र तपकिरी साय धरलेली असते. प्लांटने महिनाभर साठवलेला गाळ एका तासात ओढ्याला दिलेला असतो.

यावरचा उपाय एका काचेच्या नळकांड्यात मावतो. एक लिटरचं मोजपात्र घ्या, एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा फुंकायच्या टाकीतलं पाणी भरा आणि सावलीत, धक्का न लावता अर्धा तास ठेवा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत काही होत नाही असं वाटतं. मग तपकिरी ढग एकमेकांना धरून गोधडीसारखे खाली सरकायला लागतात आणि वर स्वच्छ पाण्याची रेषा उमटते. तीस मिनिटांनी गाळ 250 ते 400 मिलिलीटरच्या खुणेपाशी असेल तर बरं चाललंय. 700 वर अडला असेल तर एक तर गाळ जास्त झालाय, किंवा तो फुगून हलका झालाय. यातलं कोणतं, हे ओळखायला तेच पाणी निम्मं स्वच्छ पाणी घालून पुन्हा ठेवा. आकडा एकदम खाली आला तर नुसता गाळ जास्त, काढा. खाली न येता तसाच लोंबकळत राहिला तर तंतुमय जिवाणू वाढलेत, आणि मग हवा, खाद्य, तेलकटपणा असं सगळंच तपासावं लागतं. ही चाचणी करायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. रोज त्याच वेळी, तोच माणूस आणि एक वही लागते. असा माणूस तुमच्याकडे असेल तर हवेचा प्लांट चालेल. नसेल तर पुढचं वाचा.

वीजही लक्षात घ्या. 100 घनमीटरच्या छोट्या प्लांटला दिवसाला 80 ते 100 युनिट सहज लागतात आणि त्यातलं बहुतेक ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारं यंत्र खातं. बिल वाढलं की पहिला हात त्याच्याच बटणावर जातो. एका वस्तीत रात्री ब्लोअरच्या आवाजाची तक्रार आली म्हणून ऑपरेटर तो दहाला बंद करून सकाळी सहाला सुरू करायचा. टाकीतल्या कोट्यवधी जिवाणूंचा आठ तास श्वास कोंडलेला, सकाळी सडक्या अंड्याचा वास, आणि मग वासाची तक्रार. मला बोलावलं ते 'वास घालवणारं औषध' सांगायला! औषध म्हणजे ब्लोअरभोवती आवाज शोषणारी पेटी आणि रात्री एक-दोन तासांच्या आलटून पालटून चालण्याचा टायमर. तेवढंच केलं.

आता क्षमतेबद्दल. 200 घनमीटर मला खटकतं, आणि त्याचं कारण माझीच जुनी चूक आहे. उमेदीच्या काळात मी एका छोट्या वसाहतीसाठी वीस वर्षांनंतरचा आकडा धरून एकच मोठी टाकी बांधून दिली. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी पाणी आलं एक चतुर्थांश. जिवाणू उपाशी, गाळ पिठासारखा बारीक होऊन खाली बसेना, बाहेरचं पाणी कायम धुरकट, आणि ब्लोअर मात्र पूर्ण टाकीची हवा फुंकतोय. पूर्ण बिल भरून चतुर्थांश काम. त्या वेळी तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याने मला विचारलं होतं, "साहेब, एक मोठी कशाला, दोन लहान का नाही?" मी त्याला पीक फॅक्टर (सरासरीच्या किती पट लोंढा येतो तो आकडा) समजावून सांगितला. बरोबर तोच होता. तुमच्याकडेही दोन जोड-टाक्या करा, प्रत्येकी दिवसाला 60 घनमीटरच्या आसपास, आणि तिसरीची जागा मोकळी सोडा. एक दुरुस्तीला काढली तर दुसरी चालू राहते, हा फायदा लोकसंख्यावाढीच्या हिशेबाहून मोठा आहे.

पण हे आकडेसुद्धा अंदाजाचेच. माणशी 100 लिटर सांडपाणी धरलं तर दिवसाला 100 घनमीटर, म्हणजे सरासरी सेकंदाला सव्वा लिटरहून थोडं कमी. वस्ती जितकी लहान तितका सकाळचा लोंढा मोठा, कारण सगळ्यांची अंघोळ एकाच तासात होते. मोठ्या शहरात हे चढउतार एकमेकांत मिसळून जातात, हजार माणसांत सरासरीच्या चौपटही सहज होते. म्हणून आधी मोजा. गटाराच्या शेवटी एक पत्रा किंवा फळी आडवी घाला, तिला काटकोनात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा, आणि खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजा. पत्र्याला लागून मोजू नका, तिथे पाणी घसरलेलं असतं. थोडं मागे पट्टी रोवा. पाणी 5 सेंटीमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, 10 सेंटीमीटर असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त होतो, म्हणून पट्टी नीट वाचायची. किमान सात दिवस, दिवसा दर तासाला.

आणि एकदा तरी पहाटे तीनला जा. सगळे झोपलेले असताना गटारात स्वच्छ, गार पाणी वाहताना दिसलं तर ते सांडपाणी नाही. कुठेतरी टाकी ओसंडतेय, नळ गळतोय किंवा जमिनीतलं पाणी आत शिरतंय. ते शुद्ध करायला प्लांट बांधण्यात काही अर्थ नाही. आधी गळती बंद करा, मग प्लांटचा आकार ठरवा. तुमच्या बाबतीत उलटाही धोका आहे: काही घरांचं पाणी टाकीच्या तळातून जमिनीत मुरत असेल, ते गटारात दिसणारच नाही. म्हणून पाणीपुरवठ्याच्या मीटरशी ताळा घ्या. पुरवलेल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो. दोन आकड्यांत फार तफावत असेल तर का आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुमच्याकडे प्रत्येक घरी सेप्टिक टँक आहे ही तुमची कटकट आहे असं तुम्ही लिहिलंय. मला ती तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. टाक्या चांगल्या असतील, गळत नसतील, तर घट्ट मैला तिथेच अडतो आणि बीओडीचा 30 ते 50 टक्के भागही. मग गटारासाठी मोठ्या व्यासाचे, तीव्र उताराचे पाइप लागत नाहीत. नितळलेलं पाणी 75 किंवा 100 मिलिमीटरच्या पाइपने, उथळ खोदाईत, जमिनीच्या चढउताराशी जुळवून घेत नेता येतं. लहान वस्तीच्या योजनेत बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पैसा पाइप आणि खोदाईतच जातो, प्लांटवर नाही. त्यामुळे खरी बचत इथे आहे. अट एकच: टाक्या वेळेवर उपसायच्या. माणशी वर्षाला साधारण 40 लिटर गाळ साठतो, म्हणजे तुमच्या वस्तीचा वर्षाला 40 घनमीटर, पाच हजार लिटरच्या टँकरच्या आठ फेऱ्या. टाकीचा एक तृतीयांश भाग गाळाने भरला की उपसायची. 'तुंबली की बोलवू' ही पद्धत ठेवलीत तर गाळ त्या बारीक पाइपांत जाईल आणि मग ते उकरत बसाल. वस्तीचे चार-पाच भाग करा, दरवर्षी एका भागातल्या सगळ्या टाक्या, तक्रार असो वा नसो. या कामाची वर्गणी पाणीपट्टीतच घ्या, वेगळं बिल लोक भरत नाहीत.

पुढे शुद्धीकरणाला काय, हे जमिनीवर ठरतं. उबदार हवामानात तळी हा प्रकार मला अजूनही आवडतो, फॅशनमधून गेला असला तरी. दीड मीटर खोल तळं, वरच्या थरात शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, खाली गाळ कुजतो, यंत्र शून्य. हेक्टरी रोज 250 किलो बीओडी झेपते असं धरलं तर 45 किलोला 1,800 चौरस मीटरचं पहिलं तळं पुरतं आणि पाणी त्यात 27 दिवस राहतं. त्यापुढे मीटरभर खोलीची दोन लहान तळी जंतू मारायला. बांध, वाट, कुंपण धरून अर्धा हेक्टर जमीन ठेवा. थंडीत तापमान बरंच उतरत असेल तर याहून जास्त. सेप्टिक टँकमधून येणारं पाणी असेल तर भार कमी होतो, पण मी तो फायदा हिशेबात धरत नाही, राखीव ठेवतो. तळ्याला ऑपरेटर नाही, माळी लागतो: काठचं गवत कापणारा आणि वरची साय ढकलणारा. तळाचा गाळ मात्र काही वर्षांनी काढावाच लागतो आणि ते काम एकदम मोठं येतं. तेव्हाचा पैसा आजपासून बाजूला टाका.

जमीन याच्या निम्मी असेल तर खडीचा वाफा, ज्यात वनस्पती लावतात तो. 1950च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले तिथून ही पद्धत आली. आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला उबदार हवेत माणशी दोन चौरस मीटर धरा. लोकांना वाटतं सगळं काम झाडं करतात. बहुतेक काम खडीवर वाढलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर करतो. झाडांची मुळं त्याला मदत करतात आणि वाफा बघायला बरा दिसतो, म्हणून लोक त्याची काळजी घेतात, हा फायदाही कमी नाही. वाफा मरतो तो नेहमी तोंडाशी. पहिल्या दोन-तीन मीटरमधली खडी गाळाने बुजते आणि पाणी वरून वाहायला लागतं. म्हणून आधीची टाकी धड असायला हवी, तोंडाशी मूठभर आकाराचे दगड टाकायचे, आणि वाफे किमान दोन, म्हणजे एकाला विश्रांती देता येते. धुतलेली खडीच घ्या. मातीमिश्रित खडी स्वस्तात मिळते आणि वर्षभरात वाफ्याचा ओटा होतो.

हवेचा प्लांट मी पूर्ण निकालात काढत नाही. जागा खरंच नसेल, वीज भरवशाची असेल आणि चाचणी करणारा तो माणूस असेल, तर घ्या. लहान वस्तीला हवा फुंकणं झेपत नाही असंही नाही. 1954 मध्ये नेदरलँड्समधल्या फोर्शोटन गावात आले पासवेर यांनी काही शे माणसांसाठी बांधलेला प्लांट म्हणजे एक लंबगोल चर आणि त्यात फिरणारा ब्रशसारखा रोटर, इतकंच होतं. रोटर थांबवला की गाळ तिथेच बसायचा, वरचं पाणी सोडून द्यायचं. पुरवठादार आज पडद्यावर आलेख दाखवतात, पण मला अजून तो चर शहाणा वाटतो. बिघडायला त्यात एकच फिरती वस्तू होती. तुमच्या पुरवठादाराला विचारा की या प्लांटमध्ये फिरत्या वस्तू किती आहेत आणि प्रत्येकीचा जोडीदार सुट्टा ठेवला आहे का.

घरं फार विखुरलेली असतील तर त्या टोकाच्या घरांना पाइपने जोडण्याचा अट्टहास करू नका. चांगली टाकी आणि शोषखड्डा पुरतो. खड्ड्याच्या तळाखाली ओलसर नसलेली माती दीड-दोन मीटर तरी हवी, आणि ती भर पावसाळ्यात मोजलेली. कोरड्या दिवसांत मोजलेली पाणीपातळी या कामाला काही उपयोगाची नाही. खालीच कातळ किंवा भेगाळ खडक असेल तर घाण न गाळता थेट विहिरीत जाते, तिथे शोषखड्डा नकोच.

पाणी बागेला, शेतीला वापरायचंय असं तुम्ही जाताजाता लिहिलंय. बीओडी उतरली म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1989च्या मार्गदर्शनात कच्चं खाल्लं जाणारं पीक असेल तर लिटरमागे जंताचं फार तर एक अंडं आणि 100 मिलिलीटरमध्ये मैल्यातून येणारे (फीकल कोलिफॉर्म) जिवाणू हजारपर्यंत अशी मर्यादा होती. 2006 मध्ये संघटनेने पाण्याच्या एका आकड्याऐवजी ठिबक, पीक धुणं, काढणीआधी पाणी तोडणं असे सगळे अडसर एकत्र मोजायला सांगितलं. जंताची अंडी जड असतात, तळ्यात आपोआप खाली बसतात, पण गाळात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यामुळे वाळला की गाळ लगेच शेतात टाकायचा नाही. गाळ वाळवायच्या वेगळ्या वाफ्यावर 20-30 सेंटीमीटर जाडीचा थर वाळवा, जाड थर वरून सालपटासारखा वाळतो आणि आत चिखलच राहतो. मग ढीग करून वर्षभर तरी पडू द्या. क्लोरिनबद्दल एवढंच: गढूळ पाण्यात ते घालणं म्हणजे पैसे ओढ्यात घालणं.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. चेंबरमध्ये, टाकीत माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असतो, तळाशी साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं उतरणाऱ्याला वाटतं. एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, आणि मग दोघेही जातात. पंप वरून साखळीने उचलता येईल, जाळी वरून दाताळ्याने साफ होईल, अशीच रचना नकाशातच मागा. नंतर पट्टे, हवा मोजणारी यंत्रं आणून ठेवली तरी ती कपाटातच राहतात.

करारात मागायच्या गोष्टी: प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे, सुटे भाग, आणि सुरू केल्यापासून पूर्ण वर्षभर पुरवठादारानेच चालवून दाखवणं. हवेचा प्लांट रुजायलाच महिना-दीड महिना जातो, दुसऱ्या चालत्या प्लांटचा गाळ विरजणासारखा आणून टाकला तर लवकर. पहिल्याच आठवड्यात नमुना घेऊन ताबा देण्याची घाई करणाऱ्याला थांबवा. डिफ्यूझरच्या (टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या भागाच्या) रबरी पडद्या पाच-सात वर्षांत बदलाव्या लागतात, तो पैसा दरमहा वेगळ्या खात्यात टाका, कारण ऐनवेळी सभेत तो मंजूर होत नाही.

माझा कल विचाराल तर: अर्धा हेक्टर मिळत असेल तर घरच्या टाक्या दुरुस्त करून, बारीक पाइप आणि तळी. त्याच्या निम्मी जमीन मिळत असेल तर खडीचे दोन वाफे. तेवढीही नसेल तर हवेचे दोन छोटे प्लांट, गाळ वाळवायच्या जागेसकट. पण हा कल आहे, निर्णय नव्हे. सात दिवसांची तासातासाची पट्टी, पहाटे तीनचा एक आकडा, पाण्याच्या मीटरचा महिन्याचा आकडा, भर पावसाळ्यातली भूजलपातळी आणि किती टाक्या शेवटच्या कधी उपसल्या याची यादी, एवढं घेऊन या. टाक्यांची यादी आधी करा. झाकणं उघडून बांबूने गाळ मोजायला दोन माणसांना चार-पाच दिवस लागतील, आणि त्यातल्या काही टाक्यांना तळच नाही हे तेव्हाच कळेल.